दहाव्या महिन्याची चौथ

सोलहून ती पोरगी आली तेव्हा मी दारात जाळं शिवत बसलो होतो आणि माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. सुईत दोरा जात नव्हता. बहात्तर वर्षांच्या माणसाला सुईत दोरा ओवून देणारं घरात कुणी नसावं, ही काय जिंदगी झाली? पोरीने वाकून नमस्कार केला, मि-रान असं नाव सांगितलं, न विचारता माझ्या हातातली सुई घेतली, एका झटक्यात ओवली आणि म्हणाली, "आजोबा, मला तुमच्या पथकाचा इतिहास लिहायचाय."

"कुठलं पथक?" मी म्हणालो.

मुद्दाम नाही म्हणालो. जीभच तशी वळलीय. पन्नास वर्षं कुणीही विचारलं की तेच उत्तर द्यायचं.

"आता बोलायला हरकत नाही आजोबा. सरकारनेच कागद खुले केलेत."

"मग सरकारलाच विचार. माझ्याकडे कशाला तंगडतोड करत आलीस?"

ती हसली. हसणाऱ्या माणसाला हाकलता येत नाही, म्हणून चहा केला. तिने पिशवीतून ते आवाज पकडायचं यंत्र काढून मध्ये ठेवलं. मी म्हणालो, ते बंद कर, मग बोलतो. तिने बंद केलं आणि वही काढली.

काय सांगायचं तिला? आम्ही समोरचे, आता उत्तरेच्या राजवटीत गेलेल्या किनाऱ्यावरचे. हवा स्वच्छ असली की माझ्या दारातून आमच्या गावची टेकडी दिसते, मध्ये फक्त पाणी. युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात चिनी फौजा आल्या, तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी होड्यांत बसून या बेटावर आलो. दोन आठवड्यांत परत जाऊ असं सगळे म्हणत होते. बेटावर खायला दाणा नव्हता. मग अमेरिकन आले. तांदूळ घेऊन आले आणि बंदुकाही. तुम्हाला तिकडच्या वाटा ठाऊक, तिकडची बोली ठाऊक, तुम्हीच जा, म्हणाले. झालं पथक. कोळी होते, एक शाळामास्तर होता, एक न्हावी होता. गणवेश नाही, बिल्ला नाही, पगार नाही. माणशी तांदूळ तेवढा मिळायचा. काळोखाच्या रात्री शिडाच्या होडीने पलीकडे जायचं, पूल उडवायचा, नाहीतर कुणाला तरी उचलून आणायचं आणि परत यायचं. जे यायचे ते यायचे.

तह झाला तेव्हा बंदुका परत घेतल्या आणि एका कागदावर अंगठे उठवले. असं पथक कधी नव्हतंच, असं त्यात लिहिलेलं. बरं, पथकच नव्हतं तर त्यातली माणसं मरतील कशी? म्हणजे आमचे मेले ते मेलेसुद्धा नाहीत. घ्या.

मि-रानच्या वहीत त्रेसष्ट नावं होती. प्रत्येकापुढे मेल्याची तारीख आणि जागा. बेटावर या वर्षी दगड उभा करणार होते, त्यावर ते सगळं कोरायचं होतं. तिने बोट एका ओळीवर ठेवलं. "प्यो दल-सू, तुकडीचा म्होरक्या. सन बावन्न. पुढचं रिकामं आहे. नावाडी म्हणून मा गि-दोक असं लिहिलंय. म्हणजे तुम्हीच ना?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

"तुमचं नाव?"

"तारीख! तारीख आठवत नाही. मोठी शहाणी आलीस."

"ओकबुन आजी म्हणाल्या, तुम्ही असंच म्हणाल." वही मिटत ती म्हणाली. "त्या उद्या माझ्याबरोबर येणार आहेत."

म्हणजे ही आधी तिकडे जाऊन आलेली.

ओकबुन वहिनी म्हणजे दल-सू दादाची बायको. माझ्या घराच्या वर चार घरं सोडून राहते. दल-सू दादा गेला तेव्हा ती तेवीस वर्षांची होती, पोर पोटात. पुढे कुट्टूच्या पिठाच्या शेवया करून विकल्या, पोराला वाढवलं. त्या पोराला, सांग-गिलला, आता पन्नाशी उलटली, धक्क्यावरच्या बर्फाच्या कारखान्यात असतो. मी लग्न केलं नाही. लोक पाठीमागे काय काय बोलायचे ते मला ठाऊक आहे, बोलू देत मेले. दल-सू दादा माझा सख्खा भाऊ नव्हता, पण मला होडीवर उभं राहायला त्याने शिकवलं आणि माझा बाप मेला तेव्हा मला जेवायला वाढलं ते त्याच्या घरात. वहिनी म्हणजे वहिनीच.

आमच्याकडे मेलेला माणूस वर्षातून एकदा आपल्या तिथीला घरी येतो. दार उघडं ठेवायचं, ताट मांडायचं, पोराने दारूचा प्याला भरून नमस्कार घालायचा. तो जेवतो आणि जातो. तिथी चुकली तर तो येतो आणि ताट नसतं. ज्यांची तिथीच ठाऊक नाही त्यांचं नवव्या महिन्याच्या नवमीला उरकतात, बुडालेल्यांचं, परागंदा झालेल्यांचं, रस्त्यात मेलेल्यांचं, सगळ्यांचं एकदम. दल-सू दादाचंही वहिनी त्याच दिवशी करायची आणि दर वर्षी दातओठ खात करायची. "बेवारशांच्या पंगतीत बसवलाय मी नवऱ्याला," म्हणायची, "आणि तेही घरात खायला असताना."

आणि दर वर्षी मला विचारायची. "भावजी, अठ्ठावन्नच्या वादळात कुठल्या दिवशी कुणाची होडी उलटली ते सांगता. कुठल्या भरतीला कुठला मासा ते सांगता. आणि माझा नवरा कधी मेला तेवढंच विसरलात?"

"गोंधळ होता वहिनी. चार-पाच दिवसांचा हिशेबच राहिला नाही."

"नावाड्याला दिवसाचा हिशेब राहत नाही म्हणे. भरती काय आईला विचारून बघत होतात?"

तिखट बाई. मी खाली बघायचो.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. चार घरं उतरून यायला वहिनीला दोनदा बसावं लागलं होतं. उन्हाळ्यात तिला मुख्य भूमीवरच्या डॉक्टरला दाखवून आणलं होतं, हृदयाची झडप गेलीय म्हणाला. ओठ निळसर दिसत होते. दम लागला तरी बोलायचं काही राहिलं नाही.

"भावजी, यंदा सोडणार नाही," बसल्या बसल्या म्हणाली. "मी आता फार दिवस नाही. माझ्यामागे सांग-गिल करील, पण कधी करील? बेवारशांच्या नवमीलाच? मला मरताना एवढं ठाऊक असू दे की माझ्या माणसाला त्याच्या दिवशी जेवायला मिळेल. दुसरं काही मागत नाही. कसा मेला विचारत नाही. दिवस सांगा."

मि-रान पेन धरून बसलेली. मी जाळ्याच्या गाठी बघत होतो.

दिवस मला ठाऊक होता. पन्नास वर्षांत एकदाही विसरलो नाही. दहाव्या महिन्याची चौथ.

आम्ही पाच जण होतो. अमावास्येच्या काळोखात उतरलो होतो, काम झालं होतं आणि चौथीला संध्याकाळच्या भरतीवर निघायचं होतं. आमच्या समुद्राला चिखल फार. पाणी ओसरलं की मैलभर नुसता चिखल पडतो आणि होडी त्यात रुतली की सकाळी सगळ्या गावाला दिसते. म्हणून पाण्याच्या बाबतीत नावाड्याचा शब्द शेवटचा, म्होरक्याचासुद्धा नाही. खडकामागे होडी लपवून बसलो होतो, अंधार पडत आला होता. दल-सू दादा माझ्याजवळ आला. "गि-दोक, किती वेळ आहे?"

"दीड तास."

त्याने कमरेचं गाठोडं चाचपलं. आत एक सुका मासा आणि बोटभर दारूची बाटली होती. "आज बाबांची तिथी," म्हणाला. "टेकडी इथून अर्ध्या कोसावर. ओकबुनने निघताना बांधून दिलंय. म्हणाली, इतक्या जवळ चाललात, थोरला मुलगा आहात, दोन वर्षं मामंजींच्या थडग्यावर थेंब पडलेला नाही. मला तोंड दाखवायचं असेल तर एक प्याला ओतून या."

घराच्या आसपास फिरकायचं नाही असा सक्त हुकूम होता. मीही म्हणालो तसं. तो हसला. "एक प्याला, दोन नमस्कार. पाणी आहे ना?"

पाणी नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. ओहोटी लवकर लागतेय दादा, एवढं खोटं. तो मुकाट्याने होडीत बसला असता. पण मला काय वाटलं, माझा बाप गेल्यावर ज्याच्या घरात जेवलो तो याचा बाप त्या टेकडीवर निजलाय. मी म्हणालो, "आहे की पाणी. जाऊन ये."

बोक-दोंग म्हणून एक पोरगेला गडी त्याच्याबरोबर पायथ्यापर्यंत गेला. तोच परत आला, एकटा, चिखलाने भरलेला. त्याने सांगितलं ते असं. गावात आता जे कारभारी झाले होते, त्यांनाही तिथी पाठ होती. त्याच गावात जन्मलेले, त्या घरी जेवून गेलेले. थोरला मुलगा जिवंत असेल तर आज येणार, हे त्यांनी ओळखलं होतं. तिसऱ्या देशाच्या माणसाला हे सुचलंच नसतं. झाडीत बसून राहिले. त्याला प्याला ओतू दिला. पहिला नमस्कार घालू दिला. दुसऱ्या नमस्कारात कपाळ जमिनीला टेकलं तेव्हा गोळ्या झाडल्या. मी होडीतून त्या ऐकल्या, तीन.

बोक-दोंग आणि उरलेले दोघं पुढच्याच खेपेला गेले. मग हे ठाऊक असलेला मी एकटा उरलो.

आता सांगा, मी वहिनीला दिवस कसा सांगू? दिवस सांगितला की सगळं सांगितल्यासारखंच. सासऱ्याचीच तिथी ती, दर वर्षी तीच करते, स्वतःच्या हाताने मासा भाजते. चौथ म्हटलं की तिला ते गाठोडं आठवणार. तिच्याच हातचं. पन्नास वर्षं मी तोंडाला कुलूप लावलं ते सरकारच्या अंगठ्यासाठी लावलं असं मि-रानला वाटत असेल. सरकार गेलं खड्ड्यात.

"भावजी," वहिनी म्हणाली. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"सप्तमी," मी म्हणालो. "दहाव्या महिन्याची सप्तमी. परत येताना समुद्रात गस्तीची होडी आडवी आली. गोळी लागली आणि पाण्यात पडला."

खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात, मी डोळ्यात डोळे घालून बोललो. मि-रानने लिहून घेतलं. पेनाचा आवाज ऐकू येत होता.

वहिनीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडायला लागली. दादा गेल्याचं कळलं तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. पोरगी घाबरली, तिची पाठ चोळायला लागली.

"सप्तमी," वहिनी म्हणत होती, "म्हणजे चौथीला जिवंत होते. चौथ उलटून गेली होती." मग माझा हात धरून म्हणाली, "तुम्हाला ठाऊक नाही भावजी, मी काय घेऊन जगले. मी त्यांना मासा बांधून दिला होता. मामंजींना प्याला ओतल्याशिवाय तोंड दाखवू नका म्हणाले होते. तेवीस वर्षांची होते, उचलली जीभ लावली टाळ्याला. तेव्हापासून रोज वाटायचं, त्या टेकडीवरच गेले असतील. मी पाठवलं आणि गेले. कुणाला विचारायची हिंमत नव्हती. तुम्ही दिवस सांगत नव्हतात, तेव्हा तर खात्रीच झाली होती."

"छे छे, भलतंच काय," मी म्हणालो. "टेकडीवर गेलाच नाही तो. वेळच नव्हता."

"नाही ना गेले?"

"नाही गेला."

जाताना ती चार घरं न बसता चढून गेली. सांग-गिल संध्याकाळी मासे घेऊन आला आणि म्हणाला, "काका, आईने आज दोन वाट्या भात खाल्ला. काय जादू केलीत?" मी त्याला म्हणालो, चल फूट, मला जाळं शिवायचंय. रात्रभर मला झोप लागली नाही, पण वाटलं की चला, एक तरी काम धड झालं हातून.

त्या वर्षी नवमीला तिने ताट मांडलं नाही. सप्तमीची तयारी मात्र महिनाभर आधीपासून. बोरं वाळवली, चेस्टनट सोलून ठेवले, भारी तांदूळ आणवला. गल्लीत भेटेल त्याला सांगायची, "आमच्या ह्यांची पहिलीच तिथी. जेवायला यायचं." एकावन्न वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाची पहिली तिथी. लोक हसायचे, तीही हसायची. मि-रानने फोन करून सांगितलं की दगडावर सप्तमीच कोरली. ठीक आहे म्हणालो. कोरा म्हणालो.

पण सप्तमीच्या आधी चौथ येते. ते काही माझ्या हातात नव्हतं.

वहिनीच्या सासऱ्याच्या तिथीला मी दर वर्षी जातो, त्या वर्षीही गेलो. पूर्वी मध्यरात्री करायचे, हल्ली सगळे संध्याकाळीच उरकतात. थोडक्यातच होतं, मोठं काय ते सप्तमीला. खोलीत टेबल मांडलेलं, त्यावर सूप, भाजलेला मासा, फळं आणि भाताची एक वाटी. सासऱ्याच्या नावाचा कागद मागे उभा केलेला. सांग-गिलने दार सताड उघडलं. थंडी आत आली. समोर पाणी दिसत होतं, त्यापलीकडे टेकडीचा काळा आकार. त्याने प्याला भरला, नमस्कार घातला, मग सासऱ्याने जेवावं म्हणून भातात चमचा उभा रोवला आणि सगळे मान खाली घालून गप्प बसलो. जेवायला वेळ द्यायचा असतो.

मी उंबऱ्याकडे बघत होतो. आणि मला काय झालं कोण जाणे. मला वाटलं, म्हातारा आत आला. आणि त्याच्यामागे दल-सू दादा आला. आज त्याचाही दिवस. सव्वीस वर्षांचा, कपाळाला माती लागलेली. स्वतःच्या घरात आला आणि टेबलावर वाटी एक, चमचा एक. बाप जेवतोय आणि हा भिंतीशी उभा. पन्नास वर्षं हा असाच येऊन उभा राहत होता, मी याच खोलीत बसून मासा खात होतो. आणि आता तर मी कहर केला. बायकोला सांगितलं याला तीन दिवसांनी जेवायला घाल. तीन दिवसांनी येणार कोण? भलताच कुणीतरी येऊन जेवून जाईल. आणि हा कायमचा उपाशी. दगडावर कोरून उपाशी.

मला बाप गेल्यावर जेवायला वाढलं होतं त्याने.

मी उठलो. गुडघे वाजले. बाजूच्या जेवणाच्या ताटातला एक चमचा उचलला आणि त्याच वाटीत, सासऱ्याच्या चमच्याशेजारी रोवला.

"काका!" सांग-गिल दचकून म्हणाला. "काय करताय हे? चढली का तुम्हाला?"

हात त्या चमच्यावरच राहिला. मग वळून बघितलं तर वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ओला हात फडक्याला न पुसता तसाच. ती चमच्यांकडे बघत होती. एक, दोन. मग माझ्याकडे.

त्या क्षणी मला कळलं मी काय केलं ते. तीन दिवस धीर धरवला नाही मला, म्हाताऱ्या मूर्खाला. काहीतरी बोलून सावरावं, चमचा काढावा, तर हातच हलेना.

तिने दाराची चौकट धरली. ओठ पुन्हा निळे पडले होते. सांग-गिल तिच्याकडे धावला, तिने त्याला हाताने मागे सारलं.

"भावजी," ती म्हणाली, "प्याला ओतला होता का त्यांनी? की त्याच्या आधीच?"

आता खोटं कुठून आणू?

"ओतला होता वहिनी," मी म्हणालो. "एक नमस्कारही झाला होता. दुसऱ्यात होता."

"म्हणजे मामंजींना पोचला."

"पोचला."

ती तिथेच खाली बसली. रडली नाही. जमिनीवर तळहात आपटत राहिली, एकसारखा, हळूहळू. "मी पाठवलं," म्हणाली. "मीच पाठवलं."

"पाणी आहे का, असं मला विचारलं होतं त्याने," मी म्हणालो. "नाही म्हणालो असतो तर थांबला असता. मी म्हणालो, आहे. जाऊन ये म्हणालो. तुम्ही एकट्या नाही पाठवलंत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता हाकलून देईल, पन्नास वर्षांचं सगळं काढील. मी तयार होतो. पण तिने सांग-गिलकडे तोंड वळवलं. तो बिचारा कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे बघत उभा होता. बाप कसा मेला हे त्याला पन्नाशीनंतर असं दोन वाक्यांत कळलं होतं.

"काय बघतोस?" ती त्याला म्हणाली. "तुझ्या बापाला एका वाटीत आजोबांबरोबर जेवायला लावणार आहेस का? भात आण. मोठी वाटी आण."

तो आत गेला. भांड्यांचा आवाज आला, एक काहीतरी पडलं. वहिनीला उठता येईना, मी हात दिला. तिने तो घेतला आणि सोडला नाही. आम्ही दोघं टेबलासमोर तसेच बसलो, उघड्या दाराकडे तोंड करून, आणि भात यायची वाट बघत राहिलो.